आरोपीचा निकाल सकाळी लाव

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. मनूस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. पाठवलास रात्री दीड वाजता आणि मी वाचला पहाटे साडेचारला, चहाचं आधण ठेवता ठेवता. म्हणजे तू आडवी झालीस आणि मी उठलो यांत जेमतेम तीन तास गेले. यावरून मी रागावणार नाही. तुझी आजी असती तर रागावली असती आणि मग दुसऱ्याच दिवशी डिंकाचे लाडू पाठवून मोकळी झाली असती. मी आपला इतकंच म्हणतो की वादविवाद स्पर्धा पंधरा दिवसांवर आहे, जागरणं आतापासून नकोत.

तर तुझा विषय असा: १८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपल भागात ज्याने बायकांचे खून पाडले, ज्याला सगळं जग जॅक द रिपर म्हणतं, तो माँटेग्यू ड्रुइटच होता, आणि तुला विषयाच्या बाजूने बोलायचं आहे. ‘आजोबा, तुम्ही जन्म कोर्टात काढलात, तुम्हाला ड्रुइट दोषी वाटतो का, दोन ओळींत सांगा’, असं तू लिहिलंस. दोन ओळींत! अगं, मी बेंच क्लार्क होतो तिथे बांधावरच्या एका आंब्याच्या झाडाला दोन ओळी पुरत नसत. तेव्हा आता हे सगळे कागद वाच. पाठकोरे आहेत, मागच्या बाजूला लाइट बिलाचे हिशेब आहेत, त्यांकडे लक्ष देऊ नकोस.

आधी तुझ्या बाजूचं बघू, कारण जी बाजू घ्यायची तिची खोली आधी मोजावी. त्या वर्षी ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर या सत्तर दिवसांत पाच बायका मारल्या गेल्या. मेरी अ‍ॅन निकोल्स, अ‍ॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज, मेरी जेन केली. (ही नावं पाठ कर. व्यासपीठावर खुन्याचं टोपणनाव शंभर वेळा घेतात आणि मेलेल्यांचं एकदाही घेत नाहीत, ते मला बघवत नाही.) त्यानंतर तसे खून थांबले असं मानतात. ३१ डिसेंबरला ड्रुइटचं प्रेत थेम्स नदीत सापडलं. आणि १८९४ साली मेल्व्हिल मॅकनॉटन नावाच्या बड्या पोलीस अधिकाऱ्याने एक टिपण लिहिलं, त्यात तीन संशयितांची नावं दिली, पहिलं ड्रुइटचं, आणि घरच्या माणसांनाही त्याचाच संशय होता असं सुचवलं. झालं. तुझ्या बाजूचा सगळा मुद्देमाल एवढाच.

आता हाच मुद्देमाल उजेडात धर. मॅकनॉटन पोलिसांत आला १८८९ साली, म्हणजे खून होऊन गेल्यावर. त्याने ड्रुइटला एक्केचाळीस वर्षांचा डॉक्टर म्हटलंय. ड्रुइट होता एकतीस वर्षांचा बॅरिस्टर आणि ब्लॅकहीथच्या एका शाळेत मास्तर. टिपणातला तिसरा माणूस, ऑस्ट्रॉग, तो तर त्या दिवसांत फ्रान्समध्ये तुरुंगात होता असं पुढे उघड झालं. अ‍ॅनी चॅपमनचं प्रेत ८ सप्टेंबरला सकाळी सहाच्या सुमारास सापडलं आणि त्याच दिवशी साडेअकराला ड्रुइट ब्लॅकहीथच्या मैदानावर क्रिकेट खेळायला हजर. याने तो सुटत नाही हं, पाच तासांत माणूस गावाबाहेर जाऊन येतो. पण तुझा प्रतिस्पर्धी हा चेंडू टाकणार, त्याची तयारी ठेव. आणि ज्या अ‍ॅबरलाइन इन्स्पेक्टरने त्या गल्ल्या पायाखाली घातल्या होत्या, त्याने १९०३ मध्ये स्पष्ट सांगितलं की प्रेत त्या सुमारास नदीत सापडलं यापलीकडे या माणसाविरुद्ध काही नाही. ज्या कागदात आरोपीचा धंदा चुकलाय आणि वय दहा वर्षांनी चुकलंय, त्या कागदावर मी तरी माणसाला फासावर चढवणार नाही. मिळाल्या तुझ्या दोन ओळी.

पण खरं सांगू का, मला ड्रुइटपेक्षा त्या लाल शाईच्या पत्रात जास्त रस आहे. सप्टेंबर १८८८ च्या अखेरीस लंडनच्या एका वृत्तसंस्थेकडे पत्र आलं, ‘मीच तो’ अशा थाटाचं, आणि खाली सही जॅक द रिपर. हे नाव त्याआधी कुणी ऐकलेलंही नव्हतं. ते पत्र एका पत्रकारानेच लिहिलं असावं असं पुढे खुद्द पोलिसांतल्या वरिष्ठांचं मत झालं. म्हणजे आज ज्या नावाने आपण त्या खुन्याला ओळखतो ते नावसुद्धा बहुधा बनावट कागदातून आलेलं! त्याच्या आधी लोक ‘लेदर एप्रन’ म्हणून जॉन पिझर नावाच्या चांभारकाम करणाऱ्या माणसामागे लागले होते. खुनांच्या वेळी आपण कुठे होतो हे त्याला दाखवता आलं म्हणून वाचला बिचारा.

बनावट पत्रांवरून एखाद्याला खुनी ठरवायचं, याच्यासाठी लंडनपर्यंत कशाला जायचं पोरी? आपल्या घरातून चालत दहा मिनिटांवर जुना राजवाडा आहे, भवानी मंडप आहे. व्हाइटचॅपलच्या आधी सहा वर्षं हेच सगळं इथल्या राजाच्या नावाने झालं, आणि त्यात ज्यांचे हात पोळले ती माणसं लहानसहान नव्हती. तुझ्या पुस्तकात या प्रकरणाला ‘कोल्हापूर प्रकरण’ म्हणून एक ओळ दिलेली असते. ती एक ओळ जरा उलगडून सांगतो.

कोल्हापूरचे राजाराम महाराज, ज्यांच्या नावाने आपलं राजाराम कॉलेज आहे, विलायतेहून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० ला इटलीत फ्लॉरेन्सला वारले. वय वीस. तिथेच आर्नो नदीच्या काठी त्यांचं दहन झालं, छत्री आहे तिथे, पुढे जवळ पूल बांधला त्यालाही तिथले लोक हिंदी माणसाचा पूल म्हणतात. त्यांच्या मागे १८७१ मध्ये नारायणराव नावाचा आठ वर्षांचा मुलगा दत्तक घेतला, ते चौथे शिवाजी महाराज. आठ वर्षांच्या पोराभोवती सगळी जमवाजमव सरकारची: शिकवणारे गोरे, सोबत राहणारे गोरे, वर पोलिटिकल एजंट, आणि राज्याचा कारभार बघायला कारभारी रावबहादूर माधवराव बर्वे. पोरगा मोठा होऊ लागला तशी बातमी पसरली की महाराजांचं डोकं ठिकाणावर नाही. त्याच्या पाठोपाठ दुसरी बातमी आली, की डोकं बिघडलेलं नाही, मारझोड करून, कोंडून बिघडवलं जातंय, आणि यामागे बर्व्यांचा हात आहे.

तेव्हा पुण्यात ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघून वर्षसुद्धा झालं नव्हतं. ‘केसरी’चे संपादक आगरकर, ‘मराठा’चे टिळक. दोघंही १८५६ च्या जुलैतले, पंचविशीचे. तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे, एवढंच. महाराज त्यांच्याहून लहान, अठरा वर्षांचे. एका कोवळ्या राजाचा छळ चाललाय हे ऐकून त्या दोघांचं रक्त तापलं आणि त्यांनी लेखणी उचलली, यात मला आजही काही वावगं दिसत नाही. न तापणाऱ्या माणसाचा मला फारसा भरवसाही वाटत नाही. त्यात कुणीतरी पत्रं आणून दिली. बर्व्यांनीच लिहिलेली म्हणे ही पत्रं, महाराजांचा काटा काढायचा कट त्यांतून सरळ दिसतोय असं सांगितलं गेलं. जानेवारी १८८२ मध्ये ‘मराठा’त त्या पत्रांतला मजकूर छापून आला.

बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली. कोर्टात पत्रं बनावट निघाली.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. कोर्टात मुद्देमाल येतो तो लाखेनं सील करून, चिठ्ठी लावून, चिठ्ठीवर पंचांच्या सह्या घेऊन. सील तुटलेलं असेल तर आतली वस्तू सोन्याची असो की लोखंडाची, वकील पहिला प्रश्न हाच विचारतो: ही इथपर्यंत कुणाच्या हातून आली? मी कित्येक कोवळे वकील पाहिले, ते वस्तू काय आहे यावर अर्धा तास बोलत, ती कुठून आली यावर एक मिनिटही नाही, आणि मग समोरचा म्हातारा वकील चष्मा पुसत उठला की यांचा चेहरा उतरायचा. बर्व्यांविरुद्ध होतं तरी काय? एक, तो अधिकारावर होता. दोन, लोक बोलत होते. तीन, ही पत्रं. पत्रं काढून घेतली की उरलं काय? अधिकार होता म्हणून गुन्हा केलाच असेल, हा पुरावा होत नाही. आणि लोक बोलतात ते ऐकून घ्यावं, त्यावर साक्ष लिहून घेऊ नये. पत्रात नेमकं तेच होतं जे ऐकायची सगळ्यांची तयारी झाली होती, आणि हीच खरं म्हणजे पहिली शंका घ्यायची जागा. हवा तो कागद हवा त्या वेळी हातात पडला की मी दोन दिवस त्याला हातही लावत नसे.

ही तयारी कशी झाली होती तेही बघ, नाहीतर तू टिळक-आगरकरांना उतावळे म्हणून मोकळी होशील, आणि ते अन्यायाचं होईल. सात वर्षं मागे जा. ९ नोव्हेंबर १८७४, बडोद्याचा रेसिडेंट कर्नल फेअर याने सकाळचं पपनसाचं सरबत दोन घोट घेतलं, चव बरोबर लागेना म्हणून फेकून दिलं, तर पेल्याच्या तळाशी गाळ. तपासणीत निघालं सोमल आणि हिऱ्याची पूड. आळ आला मल्हारराव गायकवाडांवर. चौकशीला सहा जणांचं कमिशन बसलं, तीन इंग्रज, तीन हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. साक्षीदार कोण, तर रेसिडेन्सीतलेच नोकर. रावजी हवालदाराने माफीचं आश्वासन मिळाल्यावर कबुली दिली आणि त्यानंतर त्याच्या पट्ट्यात पोलिसांना सोमलाची पुडी सापडली. आधी कबुली, मग पुडी! मल्हाररावांचे बॅरिस्टर बॅलंटाइन, खास विलायतेहून आणलेले, त्यांनी या पुडीवरून पोलिसांना चांगलंच फाडलं. निकाल लागला तीनास तीन: इंग्रजांच्या मते दोषी, आपल्या तिघांच्या मते सिद्ध झालेलं नाही. तरी मल्हाररावांची गादी गेलीच. गैरकारभाराचं कारण पुढे केलं. सरबतात सोमल कुणी घातला याचा पक्का निकाल आजतागायत नाही.

हे सगळं झालं तेव्हा टिळक-आगरकर अठरा वर्षांचे होते. सरकारचे लोक राजावर विषप्रयोगाचा आळ घेतात आणि पुरावा अर्धाकच्चा असला तरी राजाला उचलतात, हे ज्यांनी वाढत्या वयात पाहिलं, त्यांना सरकारचा माणूस राजाचा काटा काढतोय हे पटकन खरं वाटलं तर नवल काय? संशयाला कारण होतं. तो बरोबर माणसावर आहे का, एवढंच बघायचं राहिलं. (आणि हो, बर्वे आणि हे दोघे संपादक एकाच जातीचे होते, तेव्हा हल्ली प्रत्येक जुन्या भांडणाला जातीची किल्ली लावतात ती इथे चालत नाही. स्पर्धेत कुणी लावली तर सांग.)

तू लहानपणी हिवाळ्यात वडणग्याच्या गुऱ्हाळावर काकवीसाठी तासन्‌तास बसायचीस, आठवतं ना? काहिलीतला रस उकळून पाक होत आला की गुळव्या थोडा पाक गार पाण्यात सोडायचा, बोटांनी गोळी वळते का बघायचा, वळली नाही की पुन्हा जाळ. कुणी कितीही घाई केली, दारात गाडी उभी राहिली, तरी गोळी वळल्याशिवाय काहील उतरायची नाही. आधी उतरली तर ढेप बसत नाही आणि अख्खा रस वाया जातो. पुण्यात त्या जानेवारीत काहील आधी उतरली.

आणि वाया काय काय गेलं ते ऐक. पत्रं खोटी ठरल्यावर दोघांनी दिलगिरी व्यक्त केली, पण बर्व्यांनी खटला मागे घेतला नाही. मधेच, १७ मार्चला, ज्यांच्या बळावर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले होते ते विष्णुशास्त्री चिपळूणकर एकतिसाव्या वर्षी वारले. फिरोजशहा मेहता आणि तेलंग यांच्यासारखी मोठी माणसं बचावाला असूनही १७ जुलै १८८२ ला दोघांना चार-चार महिन्यांची शिक्षा झाली. आगरकरांचा वाढदिवस तीन दिवसांपूर्वी होऊन गेला होता, टिळकांचा सहा दिवसांनी आला, तो डोंगरीच्या तुरुंगात. एकशे एक दिवस काढून २६ ऑक्टोबरला सुटले. वजनं उतरली, टिळकांचं बारा शेर म्हणतात. आगरकरांनी तिथेही शेक्सपिअरचा ‘हॅम्लेट’ मराठीत उतरवायचं काम चालवलं, ‘विकारविलसित’ ते. आणि बाहेर आल्यावर तुरुंगातल्या त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं, ते ग्रंथालयात मिळालं तर विकत घेऊ नकोस, पण वाच मात्र. बघ ना, बापाच्या खुनाचा संशय काकावर, साक्षीदार एक भूत, आणि पुरावा मिळेपर्यंत थांबणारा राजपुत्र. हे नाटक बनावट पत्रांपायी तुरुंगात गेलेल्या माणसाच्या हातात असावं! हॅम्लेट जरा जास्तच थांबला, ते वेगळं.

एक गोष्ट मात्र मला फार गोड वाटते. खटल्यात जामीन हवा होता दहा हजारांचा, त्या काळचे दहा हजार, तो मिळवून द्यायला पुढे आले जोतीराव फुले. त्यांच्या सांगण्यावरून रामशेट उरवणे यांनी जामीन भरला. चिपळूणकरांनी जोतीरावांची केवढी टर उडवली होती! आणि इकडे आपल्या राजाराम कॉलेजच्या पोरांनी खटल्याच्या खर्चासाठी नाटक केलं, त्यात पंधरा-सोळा वर्षांच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी बाईचं काम केल्याचं टिळकांच्या चरित्रांत येतं. पुढे गोखले आणि टिळक यांचं कसं जमलं नाही ते तुला ठाऊकच आहे. माणसं मतांनी लांब असतात, अडचणीत जवळ येतात. (तू त्या मैत्रिणीशी बोलायला लागलीस का? असो.)

पण खरं नुकसान याहून मोठं, आणि ते मोजताना मला नेहमी वाईट वाटतं. खटला चालला तो बर्व्यांच्या अब्रूचा. महाराजांना कसं वागवतात हा खटला कधी उभाच राहिला नाही. पत्रं खोटी म्हणजे छळाची कागाळीही खोटी, असं म्हणायला सरकारला आयतं मिळालं. महाराजांना वेडे ठरवून कागलच्या जयसिंगराव घाटग्यांना रीजंट नेमलं, आणि महाराजांना घरापासून लांब नगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. टिळक-आगरकर सुटून चौदा महिने झाले, आणि २५ डिसेंबर १८८३ ला, नाताळच्या दिवशी, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत चौथे शिवाजी महाराज मेले. वय वीस, राजाराम महाराजांइतकंच. तीन महिन्यांत, १७ मार्च १८८४ ला, त्यांच्या विधवा राणी आनंदीबाईंनी कागलच्या घाटग्यांचा नऊ वर्षांचा यशवंतराव दत्तक घेतला. ते शाहू महाराज. आपण ज्यांना डोक्यावर घेतो ते या मरणामुळे गादीवर आले, हे कोल्हापुरात कुणी मोठ्याने बोलत नाही, पण माहीत सगळ्यांना असतं.

आता हा बघ तुझा खरा वादाचा विषय. ग्रीनने खून केला का? आपल्या पेठेत कुणालाही विचार, खूनच म्हणेल, आणि मी चिडलेलो असलो की मीही म्हणतो. पण पहाटे म्हणत नाही. पहाटे डोकं शांत असतं आणि पुरावा जेवढा असतो तेवढाच दिसतो. महाराजांभोवती जे होते ते सरकारने नेमलेले. ज्याला हकिगत सांगता आली असती तो मेलेला. अशा ठिकाणी एकाच बाजूची साक्ष उरते, आणि एकाच बाजूची साक्ष आली म्हणून ती खरी होत नाही, तशी खोटीही होत नाही. त्या काळच्या लोकांनी सरकारी हकिगतीवर विश्वास ठेवला नाही याला कारणही होतं: १८७६ साली आग्र्याच्या फुलर नावाच्या गोऱ्या वकिलाने गाडी वेळेवर आणली नाही म्हणून आपल्या मोतद्दाराला मारलं, तो मेला, डॉक्टर म्हणाले प्लीहा फुटली, आणि फुलरला दंड झाला तीस रुपये. खुद्द व्हाइसरॉय लिटनला ते पटलं नाही. हिंदी माणसाची प्लीहा हिवतापाने वाढलेली असते, हलक्या धक्क्यानेही फुटते, हे गोऱ्यांच्या बचावाला तेव्हा हाताशी असलेलं उत्तर होतं. नगरची बातमी कोल्हापुरात आली तेव्हा ऐकणाऱ्यांनी ती या पार्श्वभूमीवर ऐकली.

म्हणून मी काय करतो, दोन प्रश्न वेगळे काढतो. महाराजांना जिवे मारायचा बेत होता का? बेताला पुरावा लागतो, तो माझ्यासमोर नाही, म्हणून माझ्या कोर्टात ग्रीन खुनाच्या आरोपातून सुटतो. पण वीस वर्षांचा आजारी पोरगा, त्याला घरातून काढून, वैद्यांऐवजी शिपायांच्या हवाली कुणी केलं? त्याला साक्षीदार नको, अंगठ्याचे ठसे नकोत. सरकारचे स्वतःचे हुकूम पुरेत. यात सरकार दोषी, आणि हा निकाल मी केव्हाही, रात्री दीड वाजताही, द्यायला तयार आहे. लोकांना खुनी हवा असतो कारण खुनी सापडला की बाकीचे सुटतात. बर्व्यांच्या पत्रांमागे धावण्यात नेमकं हेच झालं: सगळा राग एका कारभाऱ्यावर गेला आणि ज्या व्यवस्थेत तो पोरगा कोंडलेला होता ती तशीच राहिली. लंडनलाही बघ, सव्वाशे वर्षं ड्रुइट की आणखी कुणी हा खेळ चाललाय. रात्रीच्या निवाऱ्यापुरते पैसे नसल्यामुळे अ‍ॅनी चॅपमनला लॉजमधून बाहेर पडावं लागलं, यावर कुठे कुणी स्पर्धा घेत नाही.

तुझ्या स्पर्धेचं म्हणशील तर विषयाच्या बाजूने बोलू नकोस असं मी म्हणत नाही. वकीलपत्र घेतलं की अशिलासाठी बोलावंच लागतं. फक्त एक कर: नवी वही आणू नकोस, घरातल्या जुन्या वह्यांची कोरी पानं टाचून घे, मधे रेघ मार, एका बाजूला ‘मला माहीत आहे’ आणि दुसऱ्या बाजूला ‘मला वाटतं’. मॅकनॉटनचं टिपण कुठल्या बाजूला जातं ते बघ. रात्री सुचलेला प्रत्येक धारदार मुद्दा लिहून ठेव, पण झोप, आणि सकाळी आंघोळ झाल्यावर वाच. सकाळीही तेवढाच धारदार वाटला तर ठेव. तू खोटं बोलणार नाहीस हे मला माहीत आहे, तो प्रश्नच नाही. तुझी घाई मला माहीत आहे. पाचवीत असताना निबंधाचं शेवटचं वाक्य पहिल्यांदा लिहायचीस आणि मग मधला मजकूर त्याला जुळवायचीस. हुशारीचंच लक्षण, पण आरोपीला ते महागात पडतं.

तुझ्या विरुद्ध बाजूने कोण बोलणार आहे ते कळव, आणि ती विरुद्ध बाजू तू स्वतः आधी पानभर लिहून काढ, समोरच्यापेक्षा चांगली. ते पान मला पाठव, भाषण नको.

ता. क. स्पर्धा झाल्यावर कोल्हापूरला येशीलच. वाट वाकडी आहे खरी, पण जमलं तर आधी एसटीने नगरला जाऊन ये, किल्ला बाहेरून का होईना बघ. तिकडून आलीस की इथे खाली सोप्यावर बसू, चहा मी करीन, आणि ग्रीनचं वकीलपत्र तू घ्यायचं की मी, ते चिठ्ठ्या टाकून ठरवू. कोर्ट सकाळी सहाला भरेल. आता ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्या गावातच आलंय, त्यामुळे तुझ्याविरुद्ध निकाल गेला तर अपिलाला मुंबईला जावं लागणार नाही.

तुझा,
आजोबा